हातभर उणी चटई

तूदाच्या मागावर चटई ताणलेली होती आणि तूदा त्या चटईवर खार खाऊन होती. पाच हात विणून झाली होती, सहावा हात राहिला होता, आणि घरात लव्हाळ्याची एक काडी शिल्लक नव्हती. लोकर हवी तेवढी होती. तांबडी होती, काळी होती, डाळिंबाच्या सालीत रंगवलेली पिवळी होती. पण नुसत्या लोकरीची का कुठे चटई होते? लोकर ही वरची शोभा. अंग लव्हाळ्याचंच लागतं.

वेळही फार नव्हता. धाकटी यामना कांदे निघाले की उजवायची होती. ऐत उझरू गावची पोर सासरी निघाली की आईच्या हातची सहा हात चटई अंगणात अंथरतात, नवरी तिच्यावर उभी राहते, आणि सासू हात धरून तिला खाली उतरवते. उतरली की ती त्यांची झाली. त्यात ही सासू म्हणजे तासिफ्तची रक्कूश! तासिफ्त हे गाव नदीच्या अंगानं खाली, खेचरावरून अर्ध्या दिवसाची वाट, पण रक्कूशची कीर्ती कधीच वर चढून आली होती. थोरल्या सुनेच्या वेळी तिनं चटई बोटांनी चाचपली, एक सैल ओळ सापडली, आणि ती उसवून पुन्हा विणून होईस्तोवर सगळी वरात उन्हात उभी ठेवली म्हणे.

"आई, तिनं खरंच तसं केलं असेल का गं?" यामना दिवसाआड विचारायची.

"केलं असेल तर बरोबर केलं. सैल ओळ ठेवतंच कशाला कुणी?" तूदा म्हणायची, आणि मग मागाकडे वळून तिचीच बोटं विणलेल्या ओळी चाचपायला लागायची.

लव्हाळं यायचं तळ्यातून. डोंगरातला झरा तळ्यात भरतो, तळ्याच्या मध्यावर म्हातारीचा दगड आहे, त्या म्हातारीच्या खांद्याला पाणी लागलं की ते काठावरून सांडून नदी होऊन खाली जातं. आता म्हातारी कमरेपर्यंत उघडी पडली होती. लव्हाळं जेमतेम गुडघाभर, शेंडे पिवळे. असल्या लव्हाळ्याचा फार तर झाडू झाला असता. कपाळावर दोन लाल गुंजा मिरवणारे चांदवे पक्षी पूर्वी परसातल्या कोंबड्यांइतके असायचे, यंदा तीन जोड्या उरल्या होत्या. पाणमांजर तर यामना रांगत होती तेव्हापासून कुणी पाहिलं नव्हतं.

आणि हे केलं कुणी? बाहेरून कुणी वैरी आला होता? छे! तळ्यावर नऊ पंप होते आणि नऊही घरचेच. कांदा पहिल्यांदा लावला हद्दूनं. हद्दू हा जमातीचा, म्हणजे गावच्या पंचायतीचा, म्होरक्या, तूदाच्या गेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्या कांद्यावर त्यानं थोरल्या मुलाचं लग्न असं काही केलं की तीन दिवस ढोल थांबले नाहीत आणि पाहुण्यांना मेंढ्याऐवजी वासरू वाढलं. झालं! पुढच्या साली ज्याच्या घरी लग्न, त्याला दोन वासरं कापणं भाग पडलं. वासरांसाठी कांदा, कांद्यासाठी पाणी, पाण्यासाठी पंप. पंप स्पेनमध्ये कामाला गेलेल्या भावांनी धाडले. त्यांना जोडली स्वयंपाकघरातली गॅसची टाकी, कारण स्वयंपाकाची टाकी सरकार स्वस्तात देतं. टाकी पंपावर गेली तशा बायका पुन्हा लाकडावर आल्या, आणि ओकचं रान साल-दरसाल मागे मागे सरकायला लागलं. रान सरकलं तशी उघड्या डोंगराची माती धुपून तळ्यात बसली. बरं, इतकं करून मागच्या साली कांदा असा उदंड झाला की शहरच्या व्यापाऱ्यानं तोंड फिरवलं आणि निम्मा माल दगडी खोपटांत सडला. त्यावर शहाण्या पुरुषांनी उपाय काय काढला असेल? यंदा आणखी कांदा लावायचा!

नववा पंप तूदाच्या मुलाचा, झैदचा. बहिणीचं लग्न दणक्यात करायचं म्हणून त्यानं कांदा दुप्पट लावला होता. म्हणजे लग्नाची चटई अडली होती ती लग्नाच्याच कांद्यापायी. तूदाला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिनं डोक्याचा रुमाल आवळला, आणि शुक्रवारी नमाजानंतर जमात अक्रोडाखाली बसली होती तिथे जाऊन उभी राहिली.

"या वहिनी," हद्दू म्हणाला. "चहा घ्या. पुदिना आमच्या घरचा आहे, साखर मात्र बेताची. तुमच्या बोलण्यासारखी."

"चहा नको भाऊजी. अग्दाल पाहिजे."

बसलेल्यांत चुळबुळ झाली. अग्दाल म्हणजे बंदी. आजोबांच्या काळी तळं उन्हाळाभर बंद असायचं. कापणं बंद, चारणं बंद, जाळं टाकणं बंद. मग जमात दवंडी द्यायची आणि सगळा गाव एकाच दिवशी विळे घेऊन तळ्यात उतरायचा. कांदा आला आणि लोक हे सगळं विसरले.

"बंदी?" झैद उसळला. "आणि कांदे काय थुंकीवर वाढवायचे?"

"तू गप रे. मी काय कांदे जाळा म्हणते का? आठवड्यातून दोन दिवस पंप चालवा, पाळीपाळीनं. बाकीचे दिवस तळ्याला हात लावायचा नाही. कांदा काय बदक आहे, आठ प्रहर पाण्यात बसायला?"

लोक हसले. हसले, पण मान कुणी डोलावली नाही. तेव्हा तूदानं हुकमाचं पान टाकलं.

"आणि दंडही जुनाच. बंदी मोडेल त्यानं सबंध जमातीला घरी बोलावून जेवू घालायचं. परातीत कुसकुसचा ढीग, वर सात भाज्या, त्याच्यावर मेंढ्याचं मटण. माझे सासरे सांगायचे, एका साली तीन दंड झाले तेव्हा माणसं कमरेचे पट्टे सोडून घरी गेली होती."

हद्दूच्या तोंडाला पाणी सुटलं. चाळीस माणसं बसली होती, आणि चाळिसांच्या मनात एकच विचार होता, की सापडणार दुसराच कुणीतरी आणि जेवणार आपण.

"मटण हाडासकट का?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या इशूनं विचारलं. त्याला चारच दात होते.

"तुम्हाला वेगळं मऊ काढून ठेवायला सांगेन, आजोबा."

"मग माझं मत बंदीला."

बंदी अशी पास झाली. राखणदार कोण, म्हटल्यावर मागून कुणीतरी चेष्टा केली, "तूदाकाकूलाच करा. घर तळ्याच्या डोक्यावर आहे. नाहीतरी तिचं नाक सगळीकडे असतंच."

"कबूल," तूदा म्हणाली.

हद्दूनं मात्र डोळे बारीक केले. "पण वहिनी, बंदी ती सगळ्यांना हं. लव्हाळ्यालाही विळा लावायचा नाही. दवंडी होईल कांदे निघाल्यावर पंधराव्या दिवशी."

तूदानं मान हलवली आणि मग मनातल्या मनात मोजलं. यामनाचं लग्न कांदे निघाल्यावर आठव्या दिवशी होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि हद्दू दाढीतल्या दाढीत हसत होता. त्याला वाटलं, आता ही माघार घेणार.

"सगळ्यांना म्हणजे मलाही," ती म्हणाली. "आणा आता तो चहा."

पुढचा मंगळवार बाजाराचा होता, पंपाची पाळी कुणाचीच नव्हती. सकाळी नऊही पंपवाले कुणी खेचरावर, कुणी गाडीत, मुद्दाम तूदाच्या दारावरून गेले. "काकू, बाजारातून काही आणायचं का?" "आज सबंध दिवस तिकडेच आहे बरं का, काकू!" हद्दूनं तर खेचर थांबवून तब्येतीची चौकशी केली. इतके सलाम तूदाला तिच्या लग्नातही मिळाले नव्हते.

दुपारी ती ओसरीत लोकर पिंजत बसली होती. यामना पीठ मळत होती. तेवढ्यात खाली तळ्यावर एक पंप खोकला.

"हा पाटाच्या कडेचा," तूदा म्हणाली, आणि एक खडा उचलून बाजूला ठेवला.

थोड्या वेळानं दुसरा सुरू झाला. मग तिसरा. त्याची धाप लागल्यासारखी घरघर पंचक्रोशीत कुणाच्याही ओळखीची होती. झालं होतं असं, की प्रत्येकानं विचार केला, बाकीचे आठ बाजारात आहेत. मग प्रत्येकानं बाजाराच्या गर्दीत आपलं खेचर नाहीतर गाडी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि मागच्या वाटेनं एकटाच परत आला. नऊच्या नऊ जण एकटेच परत आले होते. तूदा पंपागणिक खडा ठेवत गेली. आठवा हद्दूचा. तो सुरू होताना धन्यासारखाच आधी घसा खाकरायचा. यामना हसून हसून पिठात पडायची बाकी राहिली होती.

नववा सुरू झाला तेव्हा मात्र खडा तूदाच्या बोटांतच राहिला. त्या पंपाचा सुटलेला नळ तिनंच मागच्या महिन्यात लोकरीच्या दोरीनं बांधून दिला होता. त्याची फडफड तिला झोपेतही कळली असती.

"मेला," ती म्हणाली, आणि नववा खडा ठेवला.

मग ती तळ्यावर उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय मंडळी, बाजार कसा काय भरलाय?"

नऊ डोकी नऊ वाफ्यांतून वर आली. त्यांनी आधी तिला पाहिलं, मग एकमेकांना पाहिलं, आणि राग आला तो एकमेकांचा.

"तू तर बाजारात होतास ना रे चोरा?"

"आणि तू? मघाशी माझ्यासमोर मिरच्यांचा भाव करत होतास!"

"मी आपला," हद्दू म्हणाला, "पंप कुणी चोरून नेत नाही ना, ते बघायला आलो होतो."

"चालू करून, भाऊजी?"

"चालू असला म्हणजे चोराला उचलता येत नाही, वहिनी."

झैद वाकून नळाची दोरी सोडत बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

नऊ दंड! शुक्रवारी काड्या ओढल्या तेव्हा पहिली काडी हद्दूला आली. मेंढा त्याच्याकडे होता, भाज्या होत्या. तो तोऱ्यातच घरी गेला आणि बायकोला, फाद्माला, म्हणाला, "परवा चाळीस माणसं जेवायला आहेत."

"असू देत की. शिजवू कशावर? तुमच्या टकलावर?"

"म्हणजे?"

"टाकी कुठे आहे घरात? तुमच्या पंपाच्या बुडाशी आहे. आणि लाकडं आणायची म्हणाल तर जरा रान कुठवर गेलंय ते बघून या. मी मोळी घेऊन येईपर्यंत तुमचा दंड पुढच्या साली फिटेल."

टाकी घरी आली. पण एका टाकीवर चाळीस माणसांचं कुसकुस वाफत नाही. शेजारणींच्या टाक्या लागणार, आणि शेजारणींच्या टाक्याही पंपांवरच. तूदा सकाळपासून फाद्माकडे गाजरं सोलत बसली होती. गाजरं सोलता सोलता काय बोलणं झालं असेल ते असो, पण दुपारपर्यंत नऊही टाक्या गाढवांवर लादून हद्दूच्या अंगणात आल्या होत्या.

जेवण फर्मास झालं. इशूआजोबांना मऊ मटण वेगळं काढून दिलं. पुरुष ढेकर देत घरी गेले आणि बायकांनी टाक्या परत गाढवांवर चढवून सरळ दुसऱ्या दंडवाल्याच्या घरी नेल्या. तिथून तिसऱ्याच्या. दर तिसऱ्या दिवशी एक दंड आणि टाक्यांना पंपाचं दर्शन नाही. पाळीचे दोन दिवस मात्र बायका स्वतः वाफ्यावर टाकी घेऊन जायच्या, पाळी होईपर्यंत बांधावर बसून विणकाम करायच्या आणि टाकी घेऊन परत यायच्या.

"अगं, जरा आणखी अर्धा तास," एखादा गयावया करायचा.

"मग उद्या कच्चं कुसकुस खा," ती म्हणायची.

चौथ्या जेवणापर्यंत माणसं खूश होती. सहाव्याला त्यांनी पट्टे सोडले. आठव्या जेवणाला इशूआजोबा परातीकडे बघून म्हणाले, "मला नुसतं ताक द्या रे, अल्लाची शपथ," आणि कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनाच ताक हवं होतं. नववं जेवण झैदचं. तोपर्यंत तळ्याचा आवाजच बदलला होता. पंप गप्प होते तिथे बेडूक बोलत होते. चांदव्यांची लाल डोक्याची पिल्लं आईमागे रांग धरून फिरत होती. पाणी म्हातारीच्या खांद्याला लागलं आणि काठावरून सांडून खाली निघालं. ते पुढे कुठे गेलं याची चौकशी कुणी केली नाही. इथले कांदे बघायचे की पाणी कुठे जातं ते बघायचं?

कांदे म्हणाल तर लहान झाले. दोघांचे वरच्या अंगाचे वाफे करपलेही, आणि त्या दोघांनी तूदाला दिलेल्या शिव्या तिनं खाली मान घालून ऐकून घेतल्या. पण जे निघाले ते असे टणक निघाले की यंदा खोपटात सडतील असं कुणाला वाटेना.

लव्हाळं छातीभर उंच झालं होतं, हिरवंगार. तूदा रोज राखणीला जायची, काठावरून बघायची आणि परत यायची. मागावरचा हातभर रिकामा ताणा तिला घरात शिरल्या शिरल्या दिसायचा.

लग्नाला सहा दिवस राहिले तेव्हा एका सकाळी झैद आला आणि त्यानं मागाखाली एक भारा ठेवला. ओलं, लांबसडक लव्हाळं.

"हे काय?"

"हातभर चटईला पुरेल. कुणी पाहिलं नाही, आई."

तूदा खाली बसली. तिनं एक काडी उचलून नाकाला लावली आणि तिच्या नखांनी ती आपसूकच मधोमध चिरली. चाळीस वर्षांची सवय ती! दारात यामना उभी होती. तिची नजर भाऱ्यावरून हलत नव्हती. एका दुपारचं काम. संध्याकाळी चटई मागावरून उतरली असती. तूदाला रडू आलं, खोटं कशाला सांगा.

"कुठून कापलंस?"

"म्हातारीच्या मागून. घरटं रिकामं होतं, आई, मी बघितलं आधी. पिल्लं पोहायला लागलीत." झैदचा आवाज पडला. "तुझी चटई माझ्यामुळे अडली. म्हणून आणलं."

तूदानं डोळे पुसले, भारा उचलून डोक्यावर घेतला आणि अक्रोडाखाली नेऊन टाकला. तिथे हद्दू आणि चार-पाच जण चहा घेत होते.

"दहावा दंड," ती म्हणाली. "माझ्या घरचा."

हद्दूनं भाऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा एकदम वेगळाच झाला. "वहिनी, घेऊन जा तो घरी. पोरीची चटई आहे. मी त्या दिवशी तारीख सांगितली ती तुम्हाला डिवचायला. आम्ही काही पाहिलं नाही, काय रे?"

"काही नाही पाहिलं," सगळे म्हणाले.

"आज तुम्ही माझं पाहणार नाही," तूदा म्हणाली, "मग उद्या मला तुमचं कसं पाहता येईल? परवा पुन्हा म्हातारी कमरेपर्यंत उघडी. नको भाऊजी. हे मशिदीच्या चटईला द्या. आणि परवा सगळे जेवायला या."

"पुन्हा जेवण!" इशूआजोबा कळवळले. "पोरी, आमचा काही गुन्हा?"

संध्याकाळी यामनानं मागापाशी येऊन रिकाम्या धाग्यांवर बोट फिरवलं. "आई, तिनं चटई बघून मला इथेच ठेवलं तर?"

"तर इथेच राहा. मला तरी कुठे करमणार होतं?" तूदा म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या.

लग्नात दोन वासरांचं नाव कुणी काढलं नाही. दहा दंड पचवलेल्या गावाला मांसाचा वास नकोसा झाला होता. झैदनं एक मेंढा केला, तोही उरला. ढोल मात्र वाजले. मग वरात निघायची वेळ झाली, आणि तासिफ्तच्या बायका अंगणात गोल करून उभ्या राहिल्या. मध्ये रक्कूश. उंच, हाडापेरानं मजबूत, हनुवटीवर गोंदण, आणि बोलण्याआधी समोरच्याला नखशिखान्त बघायची खोड.

चटई अंथरली. यामना तिच्यावर उभी राहिली. रक्कूश खाली बसली आणि बोटांनी ओळीमागून ओळ चाचपायला लागली. पहिला हात, दुसरा, तिसरा. पाचवा हात संपला आणि तिचं बोट रिकाम्या धाग्यांवर जाऊन थांबलं.

"हे काय?"

तूदानं आठ दिवस भाषण घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ! "लव्हाळं संपलं होतं," ती म्हणाली. "आता तळ्यात आहे, पण बंदी आहे. सात दिवसांनी उठेल. राखणदार मीच आहे."

"म्हणजे होतं आणि कापलं नाही?"

"नाही कापलं."

"पोटच्या पोरीच्या लग्नालाही?"

"नाही." मागे झैद पुढे यायला लागला, त्याला हद्दूनं दंडाला धरून थांबवलं.

रक्कूशनं ते धागे मुठीत घेतले आणि सोडले. "बंदी धरली कधी तुम्ही?"

"मेंढ्यांची लोकर उतरवली त्या आठवड्यात."

"ऐकलंत का गं?" रक्कूश आपल्या बायकांकडे वळून म्हणाली. त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. मग ती तूदाकडे वळली. "चार वर्षं झाली, आमच्याकडे उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसते गोटे. पुदिना गेला, चक्की बंद, धुणं धुवायला दोन कोस. यंदा लोकर उतरवून महिना-सव्वा महिना झाला असेल, सकाळी मी उठून बघते तर माझ्या वाफ्याच्या कडेला पाणी! मला वाटलं, वर कुणाचा तरी पाट फुटला. म्हटलं आज आटेल, उद्या आटेल. आटलंच नाही. परवा नातवाला खेकडा चावला. तो रडतोय आणि मी वेड्यासारखी हसतेय, की अरे, आपल्या नदीत खेकडा आहे!"

ती उठली. तिनं पायांतल्या चपला काढल्या आणि त्या उघड्या धाग्यांवर, जिथे सहावा हात असायला हवा होता तिथे, जाऊन उभी राहिली.

"विहीणबाई, तुमचा सहावा हात तुमच्या लेकीच्या आधीच आमच्या घरी येऊन पोचलाय," ती म्हणाली, आणि तिनं यामनापुढे हात केला. "ये गं. सात दिवसांनी तुझी आई विळा घेऊन उतरेल तेव्हा मीही येते. तेव्हा पुरी करू."

बायकांनी एकदम असा गलका केला की ढोलवाल्यांना कुठून सुरू करावं ते कळेना. तूदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. यामना सासूचा हात धरून खाली उतरणार, तेवढ्यात रक्कूश पुन्हा चटईवर वाकली.

"ही तिसऱ्या हातातली तांबडी ओळ मात्र सैल आहे हं."

"सैल?" तूदाचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. "माझी ओळ सैल? दाखवा बरं कुठे आहे!"

आणि दोघी विहिणी चटईवर गुडघे टेकून, डोक्याला डोकं लावून ती ओळ शोधायला बसल्या, आणि सगळी वरात उन्हात उभी राहिली.